यंत्र की हात? सोलापूरच्या उन्हात घरचा कोंबुचा, बरणीपासून कंट्रोलरपर्यंत

भाचा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. गेल्या दिवाळीत सोलापूरला आला तो लॅपटॉपवर एक आकृती घेऊनच. तीन मोठी पातेली, दोन पंप, चार सेन्सर, सहा रिले (म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणारे स्विच) आणि सगळा कारभार मोबाईलवर. म्हणाला, "मामा, ही आपली ऑटोमॅटिक ब्रुअरी. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत बसवू. बटण दाबलं की बिअर."

मी म्हटलं, "काय करलालास बे? आधी दोन गोष्टी ऐक."

पहिली गोष्ट कायद्याची. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ चा आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा त्यात गुन्हा आहे. वीस लिटर केली, घरच्यांपुरती केली, विकली नाही, यातलं काहीही सांगून सुटका होत नाही. ब्रिटनमध्ये १९६३ साली घरच्या बिअरवरची परवान्याची अट गेली, अमेरिकेत १९७८ साली अध्यक्ष कार्टर यांनी सही केल्यावर घरची बिअर मोकळी झाली. आपल्याकडे तसं काही झालेलं नाही. बाहेर देशी राहणाऱ्याने तिथला नियम बघून खुशाल करावी, सोलापुरात नाही.

दुसरी गोष्ट मागाची. माझी अठ्ठावीस वर्षं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागांच्या दुरुस्तीत गेली. ज्याने हातमाग कधी चालवला नाही त्याला यंत्रमाग बिघडल्याचं कळतं, का बिघडला ते कळत नाही. धोटा अडकला की तो मोटर तपासत बसतो.

मग आम्ही तह केला. बिअर सोडायची आणि कोंबुचा करायचा. आंबवलेला चहा. यीस्ट तेच काम करतं, तापमानाची कटकट तीच, स्वच्छतेचा जाच तोच. आधी तीन घाण (एका वेळी लावलेली एक बरणी म्हणजे एक घाण) हाताने काढायचे आणि मग यंत्र. वर्षभरात जे हाती लागलं ते इथे क्रमाने देतो. मधेमधे बिअरचंही येईल, कारण यंत्र कुठे लागतं आणि कुठे लागत नाही ते तिच्याशेजारी ठेवल्यावर जास्त नीट दिसतं.

बिअरला यंत्र का लागतं

बिअरमध्ये जवाच्या मोडाचा भरडा गरम पाण्यात तासभर ठेवतात. त्या वेळी पाणी ६५ ते ६७ अंशांवर असावं लागतं, कारण पिठूळाची साखर करणारी दोन वेगवेगळी एन्झाइमं तिथेच जोडीने काम करतात. ६२ ला गेलं तर बिअर पातळ, कोरडी होते. ७० ला गेलं तर जड आणि गोडसर राहते. म्हणजे सात-आठ अंशांत चव बदलली. मग तासभर उकळणं, हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) टाकणं, झटपट थंड करणं आणि पुढे आठवडा-दोन आठवडे १८ ते २२ अंशांत आंबवणं. लागर प्रकार असेल तर ९ ते १३ अंशांत.

एवढी पायऱ्यांची साखळी असल्यावर माणसाला पंप आणि तापमान अचूक धरून ठेवणारा पीआयडी कंट्रोलर सुचणारच. जर्मनीचा ब्राउमाइस्टर, न्यूझीलंडचा ग्रेनफादर ही त्यातली नावाजलेली यंत्रं. सिएटलची पिकोब्रू नावाची कंपनीही होती. तिची यंत्रं पाककृती इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडून घ्यायची. २०२० मध्ये कंपनी बुडाली आणि लोकांच्या ओट्यावरची चांगली चालती यंत्रं पोरकी झाली. भाच्याला हे सांगितल्यावर त्याने आकृतीतून 'क्लाउड' हा शब्द स्वतःच खोडला.

कोंबुचाला यातलं काही लागत नाही. चहा उकळायला कंट्रोलर कशाला? साखळीत एकच नाजूक कडी आहे, आंबण्याचे सात ते दहा दिवस. तेवढे दिवस बरणी २४ ते २७ अंशांत राहिली पाहिजे. पुण्याच्या फ्लॅटमध्ये हे आपोआप होत असेल. आमच्याकडे मेमध्ये पारा ४३ ला टेकतो, तिथे खरा सामना आहे.

साहित्य, पाच लिटरसाठी

सहा-सात लिटरची रुंद तोंडाची काचेची बरणी. जुनी चिनीमातीची लोणच्याची बरणी वापरू नका. तिच्या झिलईत शिसं असू शकतं आणि हे पेय इतकं आंबट होतं की ते बाहेर काढेल. तांबं, पितळ, अॅल्युमिनियम वर्ज्य. चहा करायला स्टीलचं पातेलं चालतं.

पाणी ४ लिटर २०० मिली, साधी साखर ३५० ग्रॅम, काळी चहापत्ती ३० ग्रॅम. मसाल्याची किंवा सुगंधी नको, तिच्यातली तेलं त्रास देतात. गूळ मी एकदा घालून पाहिला, वास उग्र आला. गूळ आवडतो म्हणून पुन्हा घालणार नाही.

विरजण ६०० मिली, म्हणजे आधीच्या घाणीचा तयार, आंबट, बिनसाखरेचा लागणारा कोंबुचा. आणि त्यावर तरंगणारी चकती, जिला सगळे स्कोबी म्हणतात. पहिल्या वेळी दोन्ही कोणाकडून तरी मागून आणावी लागतात. चकतीचं कौतुक लोक फार करतात, पण काम जास्त करतं ते विरजण. दह्याचंच बघा, साय टाकून कोणी दही लावत नाही. चकती नसली आणि विरजण भरपूर असलं तरी आठ-दहा दिवसांत नवी साय धरते.

शिवाय घट्ट विणीचं सुती कापड, रबर, थर्मामीटर आणि पीएच (आंबटपणाचा आकडा, जितका कमी तितकं आंबट) मोजायच्या पट्ट्या. जमलं तर डिजिटल पीएच मीटर घ्या. तो ४ आणि ७ च्या द्रावणात बुडवून आधी जुळवावा लागतो. न जुळवलेला मीटर खोटं बोलतो आणि आपण विश्वास ठेवतो.

पाण्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण बाहेरच्यांना हे माहीत नसतं. आमच्याकडे नळ रोज येत नाही, काही दिवसांआड येतो. त्यामुळे घराघरात साठवण असते आणि अधूनमधून बोअरचं पाणी मिसळलं जातं. बोअरच्या जड पाण्यातले क्षार आम्लाला दाबून धरतात. चहा आंबट व्हायला उशीर होतो आणि तेवढ्या वेळात बुरशीला मोकळं रान मिळतं. माझा दुसरा घाण याच कारणाने गेला. चार दिवस झाले तरी पीएच हलेना. आता मी नळाचं पाणी वापरतो. क्लोरीन जावं म्हणून दहा मिनिटं उघड्या पातेल्यात उकळतो. नळाचं नसेल तर आरओचं.

हाताने घाण काढायचा तो असा

एक लिटर पाणी उकळा, गॅस बंद करा, पत्ती टाका, दहा मिनिटं झाका. गाळा, साखर विरघळवा. आता यात उरलेलं ३ लिटर २०० मिली पाणी घालायचं आहे. इथे सोलापूरचा पहिला फटका बसतो. माठातलं २४ अंशांचं पाणी घातलं तरी सगळं मिळून ३८-३९ अंश होतात. टाकीतलं घातलं तर विचारूच नका. विरजण ३० अंशांच्या खालीच पडायला हवं, नाहीतर त्यातले जीव अर्धमेले होतात. म्हणून उकळून गार केलेलं पाणी आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवा. ते दहा अंशांचं असलं तर मिश्रण थेट २८ वर येतं. बिअरवाले याच कामासाठी तांब्याच्या नळीची गुंडाळी आणि पंप लावतात. आपलं काम दोन बाटल्यांत भागतं.

बरणी साबणाने धुऊन, तीनदा खळबळून, शेवटी कढत पाण्याने विसळून कोरडी केलेली असावी. चहा ओता, विरजण ओता, चकती अलगद सोडा. लगेच पीएच बघा. ४.५ च्या खाली हवा. वर असेल तर आणखी विरजण घाला. या एका मोजणीने निम्मं संकट टळतं, कारण बुरशीला सगळ्यात जास्त संधी पहिल्या दोन-तीन दिवसांतच असते.

तोंडावर कापड दुहेरी बांधा. झाकण लावायचं नाही. यीस्ट साखरेपासून अल्कोहोल आणि वायू करतं आणि दुसरे जीवाणू हवेतला ऑक्सिजन घेऊन त्या अल्कोहोलचं आम्ल करतात. हवा बंद केली तर दुसऱ्या जोडीदाराचं काम थांबतं. बिअरमध्ये अगदी उलटं, तिथे हवा आत येऊ नये म्हणून तोंडाला पाणी भरलेली नळी लावतात. कापड मात्र विरळ नको. चिलटं विरळ मलमलीतून आरामात शिरतात आणि चकतीवर अंडी घालतात. हातमागाचं घट्ट कापड घ्या, उजेडाकडे धरल्यावर भोकं दिसता कामा नयेत.

ओला टॉवेल

आता उन्हाळ्याचं. यंत्र नसताना बरणी गार कशी ठेवायची? उत्तर आमच्या गावातच विणलं जातं.

बरणी एका परातीत ठेवा. परातीत चार बोटं पाणी. बरणीभोवती टेरी टॉवेल असा गुंडाळा की खालचं टोक पाण्यात राहील. टॉवेल पाणी वर ओढत राहतो, कोरड्या हवेत ते उडतं आणि उडताना बरणीची उष्णता घेऊन जातं. रांजणाचं तत्त्व तेच. टेरी टॉवेलच का? त्याच्या दोन्ही अंगांना सुताचे फासे असतात, त्यामुळे पाणी धरायला आणि उडायला जागा कितीतरी जास्त. शेजारी टेबलफॅन लावला तर अजून फरक पडतो.

पण टॉवेल नवा असेल तर तो पाणी ओढतच नाही. पाच-दहा मिनिटं बघत बसलात तरी वरचा भाग कोरडाच. कारण त्यात खळ आणि मऊपणासाठी लावलेलं फिनिश असतं. दोन-तीनदा गरम पाण्यात धुवा, खळ निघाली की मग तो पितो. भाच्याला हे कळेना. तो म्हणाला टॉवेल खराब आहे. अरे, आख्ख्या गावाचं पोट ज्यावर चालतं त्याला खराब म्हणतोस?

माझ्या वहीतली नोंद अशी आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी तीनला खोलीत ३९, बरणीत २८. पंखा बंद असताना ३०. पाणी दिवसातून दोनदा भरावं लागलं. २८ हे २५ नव्हे, पण कोंबुचा सहा दिवसांत चांगला झाला. जुलैत हीच युक्ती लंगडी पडते, कारण हवेतच ओल असते आणि पाणी उडत नाही. पण तेव्हा बाहेरच ३१-३२ असतं, त्यामुळे निभावतं.

एक काळजी घ्या. टॉवेल बरणीच्या खांद्यापर्यंतच हवा. तोंडावरचं कापड ओलं झालं की त्यावर बुरशी येते आणि ती आत उतरते.

कधी झालं हे कसं ओळखायचं

पाचव्या दिवसापासून रोज चव घ्या, उन्हाळ्यात चौथ्यापासून. स्वच्छ स्ट्रॉ चकतीच्या कडेने खाली सरकवा, वरून बोट धरा, काढा. बोटं किंवा चमचा बुडवू नका. गोडी मागे पडून आंबटपणा पुढे आला आणि पीएच २.८ ते ३.३ मध्ये असला की काढून घ्या. २.५ च्या खाली गेलं तर ते प्यायचं नाही, व्हिनेगरसारखं वापरायचं. सात दिवसांनीही पीएच ४.२ च्या वरच असेल तर मन घट्ट करून सगळं मोरीत ओता.

तपकिरी धागे, तळाचा गाळ, चकतीवरचे डाग आणि भोकं, हे सगळं ठीक आहे. कोरडी, केसाळ, हिरवी, काळी किंवा पांढरी लव दिसली तर ती बुरशी. चकती धुऊन वाचवायची नाही. चकती, चहा, विरजण सगळं टाकायचं आणि बरणी उकळत्या पाण्याने धुवायची. आमची ही दरवेळी म्हणते, "वरचं काढून टाका की, लोणच्याचं काढतो तसं." लोणच्याचंही काढू नये, पण ते भांडण वेगळं.

काढताना पुढच्या घाणीसाठी ६००-७०० मिली वरच्या थरातलं विरजण आधी बाजूला ठेवा. मी पहिल्या वेळी सगळंच गाळून पाहुण्यांना पाजलं होतं.

बाटली, डाळिंब आणि छत

फेस हवा असेल तर दुसरा टप्पा. बाटलीत एक लिटर कोंबुचाला शंभर मिली डाळिंबाचा रस. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे आणि त्याच्या रसाचा रंग या पेयात उतरतो तेव्हा खरंच बघत राहावं. झाकण घट्ट लावून खोलीत ठेवायचं, वायू आत कोंडतो आणि फेस धरतो. मग फ्रिजमध्ये.

बाटली गोल आणि सोड्याच्या दाबासाठी केलेलीच हवी. मी शोभेची चौकोनी काचेची बाटली वापरली, एप्रिलमध्ये, आणि दोन दिवस विसरलो. रात्री सव्वा दोनला आवाज झाला. छतावरचे लाल शिंतोडे दिवाळीच्या रंगकामापर्यंत तसेच होते. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं हे नशीब.

तेव्हापासून एक बाटली सोड्याची रिकामी प्लास्टिकची भरतो. बोटांनी दाबून बघायची, दगडासारखी झाली की सगळ्याच बाटल्या फ्रिजमध्ये. हिवाळ्यात याला तीन दिवस लागतात, मेमध्ये अठरा ते चोवीस तास पुरे. उघडताना मोरीत धरून, हळूहळू.

दुसरा टप्पा लांबवायचा नाही याला आणखी एक कारण आहे. बंद बाटलीत हवा नसते, त्यामुळे यीस्ट अल्कोहोल करत राहतं आणि त्याचं आम्ल करणारे जीवाणू स्वस्थ बसतात. कोंबुचात किंचित अल्कोहोल असतंच. आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमांत ०.५ टक्क्याच्या वर गेलं की ते मद्यात मोजलं जातं. रसाची साखर, उष्ण खोली आणि विसरलेली बाटली मिळून ती रेघ ओलांडू शकतात. म्हणून रस मोजून, वेळ कमी, मग थंड. आमच्या घरी हे गरोदर सुनेला आणि लहानांना देत नाही. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनीही घेऊ नये. बाकीच्यांनी सुरुवातीला दिवसाला शंभर मिलीच घ्यावा.

आता यंत्र

तीन घाण झाले. एक गेला, एक बरा, एक चांगला. भाच्याला कळलं की त्याच्या सहा रिलेंपैकी चार उगाच होते. चव बघणं यंत्राला जमत नाही, बुरशी ओळखणं जमत नाही, कधी काढायचं ते ठरवणं जमत नाही. धरून ठेवणं जमतं. आमच्या मागांवर प्रत्येक ताण्याच्या धाग्याला एक पातळ पत्र्याची पट्टी लटकवलेली असते. धागा तुटला की पट्टी खाली पडते आणि माग थांबतो. पट्टी धागा जोडत नाही. जोडायला माणूस लागतो. तेवढंच यंत्राकडून मागायचं असं ठरलं.

सगळ्यात सोपा आणि टिकाऊ मार्ग म्हणजे जुना एकदारी फ्रिज आणि एक तयार डिजिटल कंट्रोलर. मला फ्रिज मंगळवार बाजाराजवळच्या एका दुरुस्तीवाल्याकडे ३,२०० रुपयांना मिळाला. कंट्रोलर एसटीसी-१०००, साडेसहाशे रुपये. डबा, वायर, एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), सॉकेट मिळून अकराशे.

फ्रिज घेताना मागच्या चिकटपट्टीवर हवामानाचा वर्ग बघा. टी वर्गाचा फ्रिज ४३ अंशांच्या खोलीपर्यंत काम करेल असा बनवलेला असतो, एन वर्गाचा फक्त ३२ पर्यंत. आणि तो पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. भाच्याचा गच्चीचा बेत तिथेच मोडला. तळमजल्यावर, भिंतीपासून वीतभर सुटा.

जोडणी. हे काम वायरमनकडून करून घ्या किंवा त्याला शेजारी बसवून करा. ओल्या जागी २३० व्होल्टचा खेळ आहे. आधी ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) आणि ६ अँपियरचा एमसीबी, मग कंट्रोलर. फ्रिजच्या अंगाला अर्थिंग नक्की.

एसटीसी-१००० च्या पाठीवर आठ स्क्रू असतात. १ आणि २ ला मेन लाइन. ३ आणि ४ ला सेन्सर. ५-६ गरम करायला, ७-८ गार करायला. नक्कल केलेली मॉडेलं भरपूर आहेत, म्हणून अंगावरच्या आकृतीशी ताडून बघा. इथे नवखे हमखास फसतात, मीही फसलो. ५-६ आणि ७-८ मधून वीज आपोआप बाहेर येत नाही. ते नुसते स्विच आहेत. फेज तुम्हालाच ५ आणि ७ ला वायरचा तुकडा टाकून द्यावी लागते, मग ६ मधून हीटरच्या सॉकेटला आणि ८ मधून फ्रिजच्या सॉकेटला जाते. न्यूट्रल दोन्हीकडे थेट. मी अर्धा दिवस कंट्रोलर खराब समजून बसलो होतो. दिवा लागत होता, टकटक आवाज येत होता, फ्रिज मात्र ढिम्म.

आकडे असे भरा. एफ१ म्हणजे हवं ते तापमान, २५.०. एफ२ म्हणजे किती फरक पडला की जागं व्हायचं, १.०. एफ३ म्हणजे कॉम्प्रेसर थांबल्यावर पुन्हा सुरू व्हायच्या आधीची विश्रांती, मिनिटांत. तिथे १० ठेवा. थांबलेला कॉम्प्रेसर लगेच सुरू केला तर आतल्या दाबापुढे मोटर अडते, गरम होते आणि एक दिवस जळते. एफ४ म्हणजे सेन्सरची दुरुस्ती. बर्फाचा चुरा आणि पाणी ढवळून सेन्सर त्यात धरा, पाच मिनिटांनी जो आकडा येईल तो शून्यापासून जेवढा चुकला तेवढा एफ४ ने भरून काढा. फ्रिजचं स्वतःचं बटण सगळ्यात थंडवर ठेवा, म्हणजे ते मधे येणार नाही.

सेन्सर कुठे लावायचा यावर सगळा खेळ आहे. मी तो आधी फ्रिजच्या हवेत लोंबकळत ठेवला. हवा दोन मिनिटांत गार होते, बरणीतला पाच लिटर चहा नाही. फ्रिज सारखा चालू-बंद आणि चहा २९ वरच. आता सेन्सर बरणीच्या पोटाला, चहाच्या मध्यावर टेपने चिकटवतो आणि वर टॉवेलची घडी दाबून बांधतो, म्हणजे तो काचेचं तापमान वाचतो, हवेचं नाही. मोकळ्या जागेत पाण्याच्या दोन-दोन लिटरच्या चार बाटल्या ठेवल्या आहेत. वीज गेली तर तेवढं पाणी तापमान धरून ठेवतं. दुपारी दीड तास वीज गेली तेव्हा बरणी अर्धा अंशसुद्धा हलली नाही.

थंडीसाठी २० वॅटची रोपांची उष्ण चटई ५-६ वर जोडली आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पंधरा अंशांच्या आसपास उतरतं, तेव्हाच ती जागी होते. चटई बरणीखाली नको, बाजूला उभी लावा. खालून ताप दिला की तळाचा यीस्टचा गाळ जास्त जोमात येतो आणि चव बिघडते.

आणि हवा. फ्रिज बंद पेटी आहे, कोंबुचाला ऑक्सिजन लागतो. म्हणून रोज सकाळी चहाच्या वेळी दार मिनिटभर उघडं ठेवतो. त्याच वेळी बुरशीकडे नजर जाते. आत ओल साचते, ती आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसून घ्यायची. हे काम स्वयंचलित करायला भाचा छोटा पंखा लावू म्हणतो. मी नको म्हणतो. दार उघडायचं बंद झालं की बघायचंही बंद होईल.

भाच्याच्या हौसेसाठी एक ईएसपी३२, म्हणजे वायफाय असलेला छोटा संगणक-बोर्ड, बसवला आहे. त्याला डीएस१८बी२० जातीचा जलरोधक सेन्सर, मधे ४.७ किलोओमचा रेझिस्टर, दर पाच मिनिटांनी नोंद. तो फक्त वाचतो आणि २८ च्या वर किंवा २२ च्या खाली गेलं की फोनवर ओरडतो. कॉम्प्रेसर चालवायचं काम त्याच्याकडे दिलेलं नाही. त्या निळ्या स्वस्त रिले-पट्टीवर मोटरचा सुरुवातीचा झटका टाकायला माझं मन धजत नाही, आणि वायफाय गेलं तरी साडेसहाशेचा कंट्रोलर आपलं काम करत राहतो.

मग फरक किती पडला

यंत्राचा कोंबुचा दर वेळी सारखा होतो. आठव्या दिवशी पीएच ३.१, ३.०, ३.१. हाताचा मेमध्ये सहा दिवसांत, जानेवारीत चौदा. चवीत म्हणाल तर माझा सर्वांत चांगला घाण टॉवेलवरचा होता, फेब्रुवारीतला. पण तो पुन्हा तसा काढता आलेला नाही. वहीत सगळं लिहिलंय तरी.

महिन्याला एकच बरणी लागत असेल आणि घर तळमजल्यावर, जाड भिंतींचं असेल तर फ्रिजच्या भानगडीत पडू नका, परात आणि टॉवेल बस्स. दोन बरण्या सतत चालू ठेवायच्या असतील, किंवा घरी दुपारी परातीत पाणी भरायला कोणी नसेल, तर कंट्रोलर घ्या. नुसता ईएसपी३२ घेऊन सुरुवात करू नका. आणि कंट्रोलर घेतला तरी पहिले तीन घाण टॉवेलवर काढा.

गावाला जाताना काय करायचं हे सगळे विचारतात. पंधरा दिवसांपर्यंत काही नाही, कंट्रोलर १८ वर आणून ठेवा, काम मंदावतं. त्याहून जास्त असेल तर एका लहान बरणीत जादा चकत्या आणि त्या बुडतील एवढं विरजण, कापड बांधून, सावलीत. महिनाभर आरामात राहतात. फ्रिजच्या थंडीत ठेवू नका, जीवाणू सुस्तावतात आणि परत आल्यावर पहिला घाण बुरशीला बळी पडतो. एक चकती आणि अर्धा लिटर विरजण शेजारीही देऊन ठेवा. माझं समोरच्या साळी काकूंकडे असतं. मागच्या जूनमध्ये माझी बरणी फुटली तेव्हा त्यांच्याकडून परत आणलं, आणि खरं सांगायचं तर त्यांचं माझ्यापेक्षा सरस निघालं. त्यांच्याकडे ना फ्रिज, ना कंट्रोलर. बरणी माठाशेजारी असते.